मोपाच्या नाईट ड्युटीवाल्या भाईंना जाहीर थँक्यू

भाई,

नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण जाहीर थँक्यू म्हणू नको असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेव्हा आता वाचून घ्या. मेसेजवर म्हटलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून विषय मिटवला असता, ती तुमची सवय आता चांगली कळलीय मला. परवा माझं गेममधलं मिशन पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाललं. बोट आली, माणसं चढली, पलीकडे उतरली, कोणी पाण्यात अडकलं नाही की कोणी काठावर राहिलं नाही. मला खरंच रडायला आलं आणि आई दारातून विचारतेय, काय गो झालं, ऑफिसमध्ये कोण काय बोललं काय?

आता हे वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ देते. आर्मा 3 नावाचा मिलिटरी गेम आहे, चेक रिपब्लिकच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा, 2013 सालचा. धावत सुटायचं आणि दिसेल त्याला गोळी घालायची असला तो नाही, अर्धा वेळ नकाशा बघण्यात आणि गवतात पडून राहण्यात जातो. पण माझ्यासाठी त्यातली खरी मजा एडिटरमध्ये आहे. स्वतःचं मिशन स्वतः बनवायचं, कुठे कोण उभा राहणार, कधी हलणार, काय झालं की काय घडणार, सगळं आपण ठरवायचं. ह्याच कंपनीच्या 2001 च्या ऑपरेशन फ्लॅशपॉइंटपासून एडिटर गेमबरोबरच मिळतो. आणि टाइमपास म्हणून हसणाऱ्यांनो, तुमचा तो पबजी आहे ना, त्याच्या ब्रेंडन ग्रीनने बॅटल रॉयलचा डाव आधी आर्माच्याच मॉडमध्ये (म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः गेमला जोडलेल्या भागात) मांडला होता, पबजी त्यानंतर 2017 ला आला.

मला करायचं होतं आमच्या बेतीचं मिशन. माझे आजोबा बेतीचे. 18 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी आपलं सैन्य बेतीला पोचलं, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी, आणि रात्र ह्याच काठावर काढून 19 च्या सकाळी ते नदी ओलांडून पणजीत शिरले. आजोबा लहान होते तेव्हा. त्यांच्याकडून ती रात्र इतक्या वेळा ऐकलीय की लढाईपेक्षा ते थांबणंच माझ्या डोक्यात बसलंय, पलीकडचे दिवे दिसतायत आणि आपण काठावर. मला ते थांबणं खेळायला द्यायचं होतं. गेममध्ये गोवा नाही अर्थातच, म्हणून टानोआ बेटांचा नकाशा घेतला, तो दक्षिण पॅसिफिकमधला आहे पण माड आहेत, हिरवं आहे, दोन काठांच्या मधलं पाणी आहे, डोळे थोडे बारीक केले की चालतं. गेमचा काळ 2035 चा असल्यामुळे जुन्या रायफली मॉडमधून आणाव्या लागल्या. इथपर्यंत माझं मी केलं.

पण बोट माणसं न घेताच रिकामी सुटायची. आणि मग विचारायला गेले लोकांना.

एकाने सांगितलं, आधी विकी वाचून ये. वाचूनच आले होते बाबा, त्यात जे लिहिलंय ते माझ्या बोटीला कळत नाहीये हाच तर प्रॉब्लेम होता. दुसरा म्हणाला, मॅडम तुम्ही कशाला ह्या भानगडीत, कोणाचंतरी तयार मिशन डाउनलोड करा ना. तिसरे महाशय कोचिंग देतो म्हणाले, जीपेवर पैसे घेतले आणि मला पाठवल्या यूट्यूबच्या लिंका, त्याही मी आधीच बघितलेल्या, आणि वर विचारलं तर दोन दिवसांनी उत्तर, बिझी आहे. चौथ्याने मात्र मदत केली, म्हणजे फाइल घेतली, सगळं उलटंपालटं करून परत दिली, चालत होती, पण त्यात माझी रात्रच नव्हती हो, पहिल्या मिनिटाला हेलिकॉप्टर आणि धडाधड रॉकेट. काय बदललं विचारलं तर म्हणे तुला नाही कळणार. ह्या चौथ्याचा राग सगळ्यात जास्त आहे मला, पैसे खाल्लेल्यापेक्षा जास्त.

तर अशा मूडमध्ये मी तुम्हाला फाइल पाठवली होती भाई. काही अपेक्षा नव्हती. तुम्ही एवढंच लिहिलंत, "ड्युटी संपली की बघतो."

सकाळी फाइल आली. उघडली आणि आधी वाटलं ह्यांनी काहीच केलं नाही. माझे सैनिक जिथे होते तिथेच, बोटी तिथेच, एक वेपॉइंट (कोणी कुठे जाऊन काय करायचं त्याची नकाशावरची खूण) हललेला नाही. मग कॅमेरा खाली काठावर नेला तर तिथे एक कमेंट. एडिटरमध्ये कमेंट म्हणून एक गोष्ट ठेवता येते, ती खेळताना दिसत नाही, फक्त बनवणाऱ्याला दिसते. तुम्ही माझ्या सगळ्या नकाशावर त्या ठेवून गेला होता. मराठीत. देवनागरीत. नाईट ड्युटी करून आलेला माणूस एकेका झुडपापाशी थांबून माझ्यासाठी मराठीत टाइप करत बसला होता.

बोटीपाशी लिहिलं होतं: "बेतीची फेरी माणसं चढल्याशिवाय सुटते काय? तुझी सुटते, कारण थांब म्हणून तिला कोणी सांगितलंच नाही. बोटीचा लोड आणि सैनिकांचा गेट इन, दोन्ही वेपॉइंट एकमेकांना सिंक कर."

एवढंच. करून दिलं नव्हतं, कर म्हटलं होतं. मी दोन वेपॉइंटच्या मध्ये, बोटीचा माणसं घेण्याचा आणि सैनिकांचा चढण्याचा, रेघ ओढली, प्ले दाबलं, आणि बोट थांबली. इतके दिवस माझ्या नाकावर टिच्चून रिकामी पलीकडे जाणारी ती बोट गपचूप उभी राहिली आणि एकेक जण चढायला लागला. शेवटचा जरा चुकला, गोल फिरून आला, त्याच्यासाठीसुद्धा थांबली!

पलीकडच्या काठावर पहारेकऱ्यापाशी दुसरी: "ह्याच्यावर राइट क्लिक कर आणि ह्याच्या जागी उभी राहून खेळ. तुला तुझीच बोट दिसते काय बघ." उभी राहिले. दिसत नव्हती, मधे माड होते. म्हणजे ज्या माणसाला चुकवायचं म्हणून मी खेळणाऱ्यांना अर्धा किलोमीटर वळसा घालायला लावत होते तो बिचारा आंधळाच होता. तेव्हा डोक्यात आलं की मी सगळं वरून देवासारखं बघत होते, खाली उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं ते कधी बघितलंच गेलं नव्हतं. हे आता मी प्रत्येक ठिकाणी करते, आधी शत्रूच्या जागी जाऊन बसायचं आणि मग त्याला जागा द्यायची. कुठल्याच व्हिडिओत हे कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तो भुताटकीचा प्रकार! एकटी खेळले की पणजीकडे मोजके सैनिक, मित्रमैत्रिणींबरोबर खेळले की पलटण. मला वाटत होतं गेम खराब झालाय. तुमची कमेंट: "इनिटमध्ये लिहिलेलं प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर चालतं. चार जण खेळले तर सैनिक चारदा जन्माला येतात. हे फक्त सर्व्हरने करायचं असं लिही, इझसर्व्हरची अट घाल." खाली हसणारा स्मायली. (इनिट म्हणजे सुरुवातीलाच आपोआप चालणाऱ्या सूचना लिहायची जागा, आणि इझसर्व्हर म्हणजे हा कॉम्प्युटर सर्व्हर आहे काय ते तपासणं.) माझी झोप उडवणारी गोष्ट तुम्ही तीन वाक्यांत संपवली आणि मला मूर्खही वाटू दिलं नाही.

पण ह्या सगळ्यात मी परत परत बघते ती कमेंट वेगळीच आहे. ह्या काठावर, जिथे मी सैनिक बसवून ठेवलेत आणि काही मिनिटं काहीच घडत नाही, त्या जागेवर प्रत्येकाने मला सांगितलं होतं की हे काढ, बोअर आहे. तुम्ही तिथे लिहिलं होतं: "इथे काही करू नकोस. मी इथे बसून होतो थोडा वेळ. बरं वाटलं." बस. ह्यात शिकवणं नाही, एसक्यूएफ म्हणजे गेमचा कोड नाही, काही नाही. पण माझ्या आजोबांची रात्र कोणीतरी बसून बघितली ना भाई. बाकीच्यांनी फाइल तपासली, तुम्ही त्या काठावर जाऊन बसलात. ती कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही, खेळणाऱ्यांना तशीही दिसत नाही.

तुम्हाला मी विचारलं होतं की एवढा वेळ का दिला, तर म्हणालात की ऑपरेशन फ्लॅशपॉइंटच्या वेळी तुम्हाला पण कोणीतरी असंच सांगितलं होतं, मालवणचा कोणी मुलगा, परत कधी भेट नाही. त्या मालवणच्या मुलालापण थँक्यू. मला वाटतं आपल्याकडे ज्ञान असलेले खूप आहेत, पण दुसऱ्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर न ओढून घेता बाजूला उभा राहणारा माणूस मिळणं कठीण. ऑफिसमध्ये पण बघते मी, नवीन मुलगी आली लॅबमध्ये की सीनियर तिच्या हातातून काम काढून घेतात, आण इकडे, तुला वेळ लागेल. लागू दे ना वेळ, तुमच्या घरचं काय जातंय? गेल्या आठवड्यात मी त्या मुलीला मशीनपुढे बसवलं आणि मी मागे हाताची घडी घालून उभी राहिले, काय कठीण असतं हो गप्प राहणं! तुम्ही कसं करता?

असो, लांबलं. मिशन स्टीमच्या वर्कशॉपवर टाकलंय, तिथून कोणीही घेऊन खेळू शकतं, श्रेय कुठे दिलं नाही कारण तुमची मनाई. चवथीला घरी यायचं आहे, वहिनींना आणि मुलांना घेऊन, आईने आत्ताच नेवऱ्यांचा हिशोब केलाय, नाही म्हटलेलं चालणार नाही. बाबा 1961 वर बोलायला बसले तर मात्र मी सोडवायला येणार नाही.

आणि हो, पुढचं मिशन सुरू केलंय, त्यात हेलिकॉप्टर आहे (मीच शिव्या देत होते, माहीत आहे). इनव्हिजिबल हेलिपॅड ठेवलंय मैदानात मधोमध, तरी ते शेजारच्या शेतातच उतरतं. फाइल पाठवलीय. लगेच बघू नका, आधी झोप काढा.