ठिबकवाल्या मामांना, राजारामपुरीतून

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही खरं तर आमच्याकडे आलाच नव्हता. शेजारच्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक जोडायचं होतं, म्हणून आमच्या जिन्यावरून वर निघाला होता. जिन्याखाली ओळीने भरून ठेवलेल्या पंधरा बादल्या दिसल्या आणि थांबून विचारलंत, "ताई, नळाला पाणी येत न्हाई का?" मी म्हटलं, हे माशांचं पाणी.

आमची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. भरली की साधारण ६८० लिटर. आत तीन ऑस्कर जातीचे मासे. अंगठ्याएवढे आणले होते, आता वीतभराच्या वर गेलेत. खाणं दांडगं आणि घाणही तेवढीच. त्या घाणीचा अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र पाण्यातच साठत राहतो. ऑस्कर झाडं उपटून टाकतात, त्यामुळे ती लावून तो शोषून घ्यायची सोयही नाही. पाणी बदलणं एवढाच उपाय. दर रविवारी ३०० लिटर काढायचं आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवलेलं ३०० लिटर भरायचं. गेल्या वर्षी कंबरेची चकती सरकली, डॉक्टरांनी बादली उचलायची नाही म्हणून बजावलं. मासे कुणाला तरी देऊन टाकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, मामा. हे तुम्हाला तेव्हा बोलले नव्हते.

माशांतलं मला काही कळत नाही, असं तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत. तरी टाकीपुढे बराच वेळ उकिडवे बसून राहिलात. मग म्हणालात, "उसाला बी आता आम्ही एकदम पाणी पाजून आठ दिस कोरडं ठेवत न्हाई. हितं बी थेंब थेंब सोडूया की."

दोन दिवसांनी पिशवी घेऊन आलात. १६ एमएमची काळी नळी, जाळीचा फिल्टर, कॉक, मूठभर ड्रिपर. नळी काळीच का, तर उजेड आत शिरला की शेवाळ धरतं आणि ड्रिपर तुंबतो. क्लोरीनसाठी मी कार्बन फिल्टर आणून ठेवला होता. पाणी इतकं सावकाश जाणार की कार्बनला काम करायला भरपूर वेळ मिळतो. पण तुम्हाला माझ्या सांगण्यावर भागवायचं नव्हतं. गावात पाणी सोडल्यावर क्लोरीन बघायला करतात तशी ओटी टेस्ट तुम्ही इथे केलीत. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळं झालं, फिल्टरमधून आलेलं तसंच नितळ राहिलं. दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून तुम्ही मला दाखवल्यात.

मी म्हटलं, आता सोडा पाणी. तुम्ही नाही म्हणालात. "ताई, आधी जाणाऱ्या पाण्याचं बघू. येणारं येतंयच की." माझ्या डोक्यात सगळं येणाऱ्या पाण्याचंच होतं. टाकीखालचा संप, म्हणजे वरचं पाणी ज्यात उतरतं आणि पंप जिथून ते परत वर चढवतो ती काचेची टाकी, रिकामा करून तुम्ही काचवाल्याकडे नेलात, वरच्या बाजूला भोक पाडून आणलंत, टँक निपल बसवून पाईप परसात काढलात. तेवढ्यावर मी तरी समाधानी झाले असते. तुम्ही न सांगता सरळ पंपाचा स्विच पाडलात. पंप थांबल्यावर वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी धो धो संपमध्ये उतरलं, अर्ध्या इंची पाईपला ते आवरेना आणि फरशीवर पाणी आलं. माझा जीव खाली-वर झाला. तुम्ही पोतं टाकून शांतपणे म्हणालात, "रात्री लाईट गेली असती तर?" मग भोक मोठं करून आणलंत आणि एक इंची पाईप टाकलात. पुन्हा तीन वेळा स्विच पाडून बघितलंत. पंप परत सुरू झाल्यावर संपात त्याला पुरेल एवढं पाणी उरतंय का, तेही बघितलंत. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री-अपरात्री वीज गेली की मला ते पोतं आठवतं.

ड्रिपर तासाला चार लिटरचा. पण आमच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब शेतातल्या पंपाएवढा कुठला? म्हणून तुम्ही माप लावलंत आणि घड्याळ समोर ठेवून तासभर बसलात. तीन लिटर भरलं. दिवसाला ७२, आठवड्याला ५०४. थोडं नवं पाणीही मिसळून बाहेर जातं, त्यामुळे आठवड्यात जुनं पाणी निम्म्याहून जरासंच जास्त बदलतं. तरी पुष्कळ आहे. पूर्वी शनिवारी नायट्रेटच्या चाचणीचा रंग ८० वर जायचा, आता कुठल्याही दिवशी बघा, ४० च्या आसपास.

नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, वरची टाकी रिकामी झाली तर पाणी उलटं ओढलं जाईल, हे तुम्ही जाताजाता दारातून सांगितलंत. ते टोक अजूनही पाण्याच्या चार बोटं वर आहे. कॉक कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहराचं पाणी बंद पडलं होतं, तेव्हा आम्ही थेंब अन् थेंब जपून वापरला होता. पुन्हा तशी वेळ आली तर एका हाताने ठिबक बंद करता येईल, हे मग लक्षात आलं.

महिन्याने तुम्ही न बोलावता आलात, जाळी धुतलीत, परत माप लावलंत. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतलात. परसातल्या पाईपपाशी आता अळू माजलाय, कर्दळ फुलावर आहे. सगळ्यात मोठा ऑस्कर थेंब पडतात त्या कोपऱ्यात येऊन थांबतो.

ओटी टेस्टमध्ये जरा जरी पिवळं दिसलं तर लगेच कार्बन बदला, असं सांगून गेलात. मी दर रविवारी बघते. बादल्यांच्या जागी आता जिन्याखाली सायकल उभी असते. तुमचा ऊस कारखान्याला गेला की सवडीने या, मामा. अळूवड्या करीन.

तुमची,
राजारामपुरीतली माशांवाली ताई