हॉटेलचं सांडपाणी आणि बायोचार

संपादक महोदय,

बऱ्याच हॉटेलांत शॉवर, बेसिन, लाँड्रीचं पाणी संडासाच्या पाण्यात मिसळून सरळ गटारात सोडतात, खरंच जीव तुटतो, कारण हेच पाणी वेगळ्या पाइपने घेतलं तर बायोचारच्या फिल्टरने बऱ्यापैकी स्वच्छ होतं आणि फ्लशला चालतं. बायोचार म्हणजे लाकूड नाहीतर काडीकचरा अगदी कमी हवेत साधारण ४०० ते ७०० अंशांवर तापवून केलेला कोळसा, त्याच्या बारीक छिद्रांत साबणाचा अंश अडकतो आणि तिथेच जिवाणूंचा थर वाढून घाण खातो, त्यामुळे नवा फिल्टर सुरुवातीला पूर्ण जोमात नसतो, लगेच नावं ठेवू नका. किचनचं तेलकट पाणी मात्र आधी ग्रीस ट्रॅपमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या टाकीतून, गेलंच पाहिजे, नाहीतर वर राखाडी चिकट साय धरते, पाणी तुंबतं आणि सगळे फिल्टरला दोष देतात. आणि हो, डिटर्जंटमधले क्षार याने जात नाहीत, जंतूही सगळे मरत नाहीत, म्हणून पुढे क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरण) हवंच. नव्या हॉटेलला परवानगी देतानाच दोन वेगळ्या पाइपलाइन सक्तीच्या करा, नंतर फरशा फोडून कोणी करत नाही.

– एक वाचक