आधी विलंब मोजा, मग लॅपटॉप बदला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेली 22 वर्षे मी सांगलीत गिटार शिकवते. अलीकडे क्लासला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी आली आहे. गिटारची वायर या पेटीत आणि पेटीची यूएसबी केबल लॅपटॉपमध्ये लावली, की घरच्या घरी रेकॉर्डिंग करता येते. मुलांना स्वतःचे वाजवणे परत ऐकता येते, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तार छेडल्यावर तिचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणे, ज्याला लेटन्सी म्हणतात, हे या मुलांचे सर्वांत मोठे दुखणे आहे. आणि त्यावर ‘नवा लॅपटॉप घ्या’ एवढे एकच औषध दुकानांतून सांगितले जाते. ते बहुतेक वेळा चुकीचे असते, हे सोदाहरण सांगण्यासाठी हे पत्र.

दहावीतला माझा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात अचानक लयीच्या पुढे पळू लागला. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारे यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर लावला, की त्याचा डाऊनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली मारलेला आघात, टिकटिकीच्या आधी पडायचा. एरवी हा मुलगा लयीला पक्का. चौकशी केली तेव्हा कळले, की घरी तो रोज दोन तास हेडफोन लावून लॅपटॉपमधून वाजवतो, आणि आवाज मागून येत असल्यामुळे त्याचा हात न कळत आधीच पडायला शिकला आहे. इंटरफेस जिथून घेतला तिथे वडिलांना सांगण्यात आले होते, की लॅपटॉप कमी ताकदीचा आहे, सत्तर हजारांच्या पुढचा घ्यावा लागेल. त्यासाठी हप्ते बांधून घेण्याची तयारीही त्यांनी केली होती.

मी त्यांच्या घरी गेले आणि आधी तो विलंब मोजला. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अँपशिवायही (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरशिवायही) बारीक वाजतात. मोबाइल गिटारच्या ब्रिजजवळ ठेवला, हेडफोनची एक वाटी मोबाइलच्या माइकला टेकवली, रेकॉर्डिंग सुरू केले आणि पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) एकच तार एकदा छेडली. ती फाइल लॅपटॉपवर उघडून आलेख मोठा केला, तेव्हा त्यात दोन उंचवटे दिसले: पहिला पिकचा, दुसरा हेडफोनमधून आलेल्या आवाजाचा. दोहोंतले अंतर 130 मिलिसेकंद भरले. 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. म्हणजे त्या मुलाला स्वतःचा प्रत्येक आघात पाव मात्रेहूनही थोडा अधिक उशिरा ऐकू येत होता. अशा परिस्थितीत कोणाचीही लय बिघडेल.

कारण सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये होते. तिथे विंडोजचा जुना, सर्वसाधारण कामाचा एमएमई हा मार्ग निवडलेला होता. या मार्गाने जाणारा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातो, जिथे ब्राउझरचा, सूचनांचा आणि बाकी सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र केला जातो, आणि खंड पडू नये म्हणून वाटेत बराच साठा राखून ठेवला जातो. गाणी ऐकताना याने काही बिघडत नाही, वाजवताना मात्र सगळेच बिघडते. हा वळसा टाळण्यासाठीच जर्मनीच्या स्टाइनबर्ग या कंपनीने 1997 मध्ये एएसआयओ नावाची पद्धत आणली, ज्यामुळे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर विंडोजचा मिक्सर बाजूला ठेवून थेट साउंड कार्डाशी बोलते. बहुतेक इंटरफेससाठी पेटी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे पेटी आणि संगणक यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम, तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. या मुलाच्या लॅपटॉपवर तो कोणी टाकलाच नव्हता, कारण केबल लावताच विंडोजने पेटी ओळखली, आवाज आला आणि काम झाले असे सर्वांना वाटले. ड्रायव्हर टाकला, सेटिंगमध्ये एएसआयओ निवडले, बफर (याचा हिशेब पुढे देते) 128 वर आणला आणि पुन्हा मोजले: 9 मिलिसेकंद. लॅपटॉप तोच होता आणि एक रुपयाही खर्च झाला नव्हता. (मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.)

बफर हा शब्द मुलांना माहीत असतो, त्यामागचा हिशेब नसतो. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेली त्याची मापे, एकेक करून उचलत नाही. एक भांडे, म्हणजेच बफर, भरले की ते पुढे देतो. सेकंदाला 48,000 नमुने घेतले, तर 128 नमुन्यांचे भांडे भरायला सुमारे 2.7 मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक भांडे आणि बाहेर जाताना एक, म्हणजे 5.3; त्यात पेटीचा स्वतःचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ मिळवायचा. बफर 1024 वर असेल, तर नुसत्या भांड्यांचेच जवळपास 43 मिलिसेकंद होतात. भांडे फार लहान केले, तर प्रोसेसरला ते वेळेत भरता येत नाही आणि आवाजात तडतड सुरू होते. म्हणून वाजवताना 64 किंवा 128, आणि वाजवणे संपवून मिक्सिंगला बसल्यावर 1024, असा बदल करण्याची सवय मी मुलांना लावते.

विलंब शून्य करण्याच्या मागे मात्र लागू नये. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. बैठकीत दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाच्या कानापर्यंत पोहोचायला जवळपास 6 मिलिसेकंद लागतात, आणि त्यामुळे कोणाचे गाणे अडलेले नाही. माझ्या अनुभवाने 10 मिलिसेकंदांपर्यंत हाताला काही जाणवत नाही. 20 च्या पुढे तो गोंधळू लागतो.

ड्रायव्हर बरोबर असूनही उशीर होत असेल, तर आधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावावा, कारण ब्लूटूथ एकटेच 100 मिलिसेकंदांहून अधिक घेऊ शकते. प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले, आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम; त्यांतले लिमिटरसारखे (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारे), पुढचा आवाज आधी पाहून मग काम करणारे प्लगइन रेकॉर्डिंगपुरते बंद ठेवावेत. तडतड होत असेल, तर चार्जर लावून वाय-फाय बंद करावे. वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला मधेच अडवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इतके करूनही 256 च्या बफरवर, अँपचे एकच प्लगइन चालू असताना तडतड थांबली नाही, तर लॅपटॉप खरोखरच अपुरा आहे असे मीही म्हणेन. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असेल, तर गिटारचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. त्यात प्लगइनचा रंग ऐकू येत नाही, पण लय पक्की राहते. तेव्हा सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (वाजवतानाच तो ऐकवणे) बंद करावे, नाहीतर आवाज दुहेरी येतो.

आणखी एका गोष्टीकडे मोठेही दुर्लक्ष करतात. वाजवताना सगळे ठीक वाटते, पण रेकॉर्ड झालेला ट्रॅक ड्रमच्या किंचित मागे पडलेला दिसतो. ड्रायव्हर स्वतःचा जो विलंब सॉफ्टवेअरला कळवतो, तेवढा ट्रॅक आपोआप आधीच्या वेळेकडे सरकवून जागेवर बसवला जातो. कळवलेला आकडा चुकीचा असेल, तर बसवणेही चुकते. यासाठी पेटीच्या आउटपुटमधून त्याच पेटीच्या इनपुटमध्ये एक केबल लावावी, मेट्रोनोमचा ठोका वाजवून तो परत रेकॉर्ड करावा, मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांतले अंतर नमुन्यांत मोजावे आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या ऑफसेटच्या चौकटीत भरावा. हे केले नाही, तर बिचारी मुले स्वतःच्या हाताला दोष देत राहतात. ते पाहून मला वाईट वाटते.

वाद्ये आणि संगणक विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की इंटरफेस विकताना तो ग्राहकाच्या लॅपटॉपला जोडून, कंपनीचा ड्रायव्हर टाकून आणि एकदा वाजवून दाखवावा. दहा-पंधरा मिनिटांचे हे काम आहे. या पेट्यांसोबतच्या पुस्तिका मी पाहिल्या त्या इंग्रजीत होत्या, म्हणून दुकानाने मराठीत एक पानाची माहिती छापून दिली, तरी पालकांना मोठी मदत होईल. आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानाच्या पानावर वर दिलेली मोबाइलची मोजणी चित्रासह छापावी, अशी आपणांसही विनंती आहे. तो मुलगा आता घरीही 128 च्या बफरवर वाजवतो. हात पुन्हा टिकटिकीवर यायला त्याला तीन आठवडे लागले.

आपली,
एक गिटारशिक्षिका, सांगली