सापडलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊसतोड सुरू झाली की जिल्ह्यात कुठे ना कुठे ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ अशी आवई उठते. २०२० साली करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली, तेव्हापासून लोक धास्तावलेत, हे समजू शकतं. पण बहुतेक वेळा पिल्लं रानमांजराची निघतात. मग फोटो, रील आणि कुणाच्या तरी घरी बाटलीने गाईचं दूध. वर ‘अनाथ पिल्लांना जीवदान’ असा मथळा! अहो, आई शेजारच्या उभ्या उसात दबा धरून माणसं हलायची वाट बघत असते.

नान्नज-मार्डीच्या माळावर हरणांच्या पाडसांचंही तेच. हरणी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि ते निपचित पडून राहतं, कारण तोच त्याचा बचाव. एखादा भला माणूस त्याला मोटारसायकलवर घालून गावात आणतो.

गेल्या हंगामात आमच्या उसाच्या फडात रानमांजराची अशी दोन पिल्लं निघाली. मुकादमाने त्या कोपऱ्यातली तोड थांबवली. वनरक्षकाने पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली, कॅमेरा लावला. कुत्री बांधून आम्ही वस्तीवर आलो. अंधार पडल्यावर मादी आली, क्रेटभोवती फिरली, एकाला मानगुटीला धरून घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्यासाठी परतली. उंदरांचा कर्दनकाळ शिवारातच राहिला, हा आमचा स्वार्थ.

रस्त्यावर आई मेली तर पिल्लू खरंच पोरकं. तरीही ते सांभाळणं घरच्यांचं काम नव्हे. गाईच्या दुधाने हगवण लागते, शिवाय घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. जाणकारसुद्धा अशा पिल्लाला माणसाची सवय लागू देत नाहीत आणि शिकार जमल्याशिवाय सोडत नाहीत. अंगाखांद्यावर वाढलेला काळवीट वयात आला की माणसालाच शिंगावर घेतो, मग जन्मभर पिंजरा.

कारखान्यांच्या शेतकी खात्याने तोडीची चिठ्ठी देतानाच मुकादमाला बजावावं, की पिल्लं दिसली तर हात लावू नका, तेवढा पट्टा मागे ठेवा, वन विभागाला १९२६ वर फोन करा. आणि पिल्लू कडेवर घेतलेले फोटो छापणं वृत्तपत्रांनी बंद करावं. यात आपलंही वृत्तपत्र आलं.

– एक शेतकरी वाचक, मार्डी (ता. उत्तर सोलापूर)