‘आवश्यक कंप’ कुणाला आवश्यक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत हात थरथरण्यावर लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण त्यात एका आजाराचं नाव ‘आवश्यक कंप’ असं छापलंय ते वाचून आमच्या घरात आधी हसाहशी झाली आणि मग वाद. माझ्या वडिलांना हाच आजार आहे, वय ८३. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “आवश्यक? कुणाला रे? मला तर नकोय.”

मूळ नाव इसेन्शियल ट्रेमर. इथं इसेन्शियल म्हणजे गरजेचं नव्हे हो, डॉक्टर लोकांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ, ज्याच्यामागं दुसरं कुठलं दुखणं सापडत नाही असा आजार. बीपीवाल्यांच्या फाईलवर इसेन्शियल हायपरटेन्शन लिहितात तेही तसंच, आता बीपी काय कुणी हौसेनं मागून घेतं का.

राहिला ट्रेमर. लॅटिनमध्ये त्रेमेरे म्हणजे थरथरणं, कापणं, त्यावरनं हा ट्रेमर, आणि ट्रेम्बल पण त्याच घरातला. गंमत म्हणजे सेलच्या जाहिरातीत ‘ट्रेमेंडस रिस्पॉन्स’ असतो ना तोही इथलाच, मूळ अर्थ ज्याच्यापुढं थरथर कापावं असा, आता साड्यांच्या सेलपुढं नवऱ्यांशिवाय कोण कापतंय! आणि लॅटिनमध्येच भीती घालण्याला तेर्रेरे म्हणतात, त्यातनं टेरर आला, आणि आपल्या संस्कृतातला त्रस् हा धातू त्याच कुळातला, अर्थ भीतीनं कापणं. म्हणजे दिवसातनं दहा वेळा आपण “काय त्रास आहे” म्हणतो तो त्रास मुळात भीतीची थरथर.

मग मराठीत काय लिहायचं? कंप लिहिला की लोकांना लगेच कंपवात आठवतो, म्हणजे पार्किन्सन. जेम्स पार्किन्सननं १८१७ साली लंडनला त्यावर निबंध लिहिला तो ‘शेकिंग पाल्सी’ या नावानं. तो आजार वेगळा, त्यात सहसा हात नुसता मांडीवर ठेवलेला असताना हलतो. वडिलांचं उलटं आहे, हात मांडीवर गप असतो, कप उचलला की सुरू. डॉक्टरांनी कागदावर आतनं बाहेर गोल गोल रेघ काढायला लावली, ती काटे आलेल्या चकलीसारखी निघाली, त्यावर वडीलच म्हणाले, “भाजणी चांगली जमलीय.” तुमचा लेख वाचून शेजारचे काका मात्र तोंड बारीक करून आले, कंपवात झाला म्हणे तुम्हाला. त्यांना समजावता समजावता माझा अर्धा दिवस गेला.

आम्ही पाटण तालुक्यातले, थरथरीची सवय आहे आम्हाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडील पंचविशीतले. त्याबद्दल बोलताना ते कधी ट्रेमर म्हणत नाहीत, हादरा म्हणतात, धक्का म्हणतात. तुम्ही मात्र ‘भूकंपाचे ट्रेमर्स’ छापता. घराला हादरा, आवाजाला कापरा, थंडीनं हुडहुडी, तापात कुडकुडणं, जुन्या टेबलाचं डुगडुगणं, एवढं सगळं घरात असताना! वडिलांच्या हातातली कपबशी वाजायला लागली की आई आतनं विचारते, “कोयना आली का?”

माझं म्हणणं एवढंच, सरळ ‘हात थरथरण्याचा आजार’ लिहा, पुढं पाहिजे तर इसेन्शियल ट्रेमर तसंच ठेवा, डॉक्टरकडं जाताना उपयोगी पडतं. पण तो ‘आवश्यक’ तेवढा काढा.

पत्र मी लिहिलंय पण खाली सही वडिलांनी हट्टानं स्वतः केलीय. मागच्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून बँकेनं त्यांचा चेक परत केला होता, तुम्ही पत्र परत करू नका.

आपला,
एक वाचक (आणि त्याचे वडील), ता. पाटण, जि. सातारा