फिनिशिंगवाल्यांचे श्रेय कुठे गेले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाट्विलच्या हेबरलाइन कंपनीवरील लेख कालच्या पुरवणीत वाचला. स्वित्झर्लंडमधील एका कापड-प्रक्रिया कारखान्याची दखल आपण घेतलीत, याबद्दल आभार. मात्र सूत रंगवणारा जुना कारखाना, नायलॉन आल्यावर मागे पडला आणि बंद झाला, एवढ्यावरच लेखकाने विषय आटोपता घेतला, हे मुळीच पटले नाही.

गेओर्ग फिलिप हेबरलाइन यांनी १८३५ साली टोगेनबुर्गच्या खोऱ्यात सुताची रंगशाळा काढली, इथपर्यंत लेख बरोबर आहे. पण कंपनीचे नाव झाले ते पुढच्या कामाने. तलम सुती कापड तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमधून जेमतेम काही सेकंद काढायचे आणि लगेच धुऊन घ्यायचे, म्हणजे ते पारदर्शक व कडक होते आणि धुतल्यावरही तसेच राहते. अशा ताठ, पारदर्शक कापडाला ऑर्गंडी म्हणतात, आणि तिच्या या फिनिशचा, म्हणजे विणल्यानंतर कापडावर करायच्या अखेरच्या प्रक्रियेचा, शास्त्रशुद्ध पाया वाट्विलमध्ये पक्का झाला. आपल्याकडे ऑर्गंडीच्या साड्या आणि मुलींचे फ्रॉक ज्यांनी वापरले, त्यांना खळ न घालता टिकणारा तो ताठपणा नक्की आठवत असेल.

मी मुंबईतील एका गिरणीच्या फिनिशिंग खात्यात नोकरी केली आहे. ॲसिडच्या कुंडातून कापड पुढे सरकताना मशीन मध्येच थांबले, तर आत राहिलेल्या भागाचा हाताला चिकटणारा लगदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. असाच एक अवघड लॉट आमच्या मास्तरांनी एकही तागा न बिघडवता पार पाडला, तेव्हा व्यवस्थापनाने शाबासकी दिली ती साचेखात्याला, म्हणजे विणकाम करणाऱ्यांना. कापड उत्तम विणले गेले होते, हे खरेच. पण कोऱ्या मलमलीची ऑर्गंडी ज्यांनी केली, त्यांचे नावही कोणी घेतले नाही. आपला लेख वाचताना तोच अन्याय मला पुन्हा दिसला.

नायलॉनमुळे हेबरलाइन मागे पडली, हे विधान तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. सुताला भरपूर पीळ द्यायचा, तो वाफेने पक्का करायचा आणि मग पीळ उलगडायचा, म्हणजे तंतू कुरळे राहून सूत ताणता येते आणि सोडल्यावर पुन्हा आखडते. ही ‘हेलांका’ पद्धत कंपनीने १९३०च्या दशकातच कृत्रिम रेशमावर बसवली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन हाती येताच तिचे खरे चीज झाले. मोजे, पोहण्याचे कपडे, बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या विजारी यांसाठी हे सूत जगभर गेले. ज्या धाग्याने कंपनीला सुगीचे दिवस दाखवले, त्यालाच तिच्या अंताचे कारण ठरवणे योग्य नाही. युरोपातील मजुरीचे वाढते दर आणि आशियातील स्पर्धा यांनी तिथल्या कितीतरी प्रक्रियागृहांना टाळे लावले, त्याचा लेखात उल्लेखही नाही. सुतावर हवेचा झोत सोडणारे जेट बनवण्याचे काम त्याच नावाने वाट्विलमध्ये पुढेही चालू राहिले, हेही लेखातून सुटले आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र मागाचे आहे. फिनिशिंगवरील लेखाला स्टेंटरचे (कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्राचे) किंवा मर्सरायझिंग यंत्राचे (कॉस्टिक सोड्याने सुती कापडाला चमक आणणाऱ्या यंत्राचे) छायाचित्र मिळणे एवढे अवघड नव्हते. नायलॉनविषयीच्या विधानाची दुरुस्ती तरी पुढील पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
फिनिशिंग खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, मुंबई