प्रवेशोत्सव पाचवीचाही व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंधरा जून जवळ आला. जांभळी नाक्याला वह्या, छत्र्या, रेनकोट घेणाऱ्यांची गर्दी सुरू झाली आहे आणि शाळाशाळांतून पहिलीच्या प्रवेशोत्सवाची तयारी चालू आहे. गुलाबाचं फूल, फुगे, कागदावर उमटवलेली कुंकवाची पावलं, खाऊ, नवी कोरी पुस्तकं. हे सगळं मनापासून आवडतं मला, ते व्हायलाच हवं. माझं म्हणणं आहे ते त्याच दिवशी वरच्या मजल्यावर गुपचूप येऊन बसणाऱ्या पाचवीच्या मुलांबद्दल.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत २९ वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आपल्याकडे शाळांची जुनी घडी अशी की पहिली ते चौथी एक शाळा आणि पाचवी ते दहावी दुसरी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाचवीला प्राथमिकमध्ये धरतो आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही मधला टप्पा सहावीपासूनच मोजतं. कागदावर काहीही असो, आपल्या असंख्य मुलांची शाळा बदलते ती पाचवीला. काही जण आमच्याच संस्थेच्या प्राथमिक विभागातून येत, त्यांचा फक्त जिना बदले. बाकीची कळवा, विटावा, किसननगर, लोकमान्यनगरकडची. पालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आणि पुढे दहावीपर्यंत पुन्हा शाळा शोधायला नको म्हणून आईवडिलांनी खेटे घालून आमच्याकडे घातलेली.

एक पहिला दिवस मी कधीच विसरणार नाही. सकाळपासून पाऊस लागलेला. खिडकीच्या गजांना रेनकोट अडकवलेले, खाली फरशीवर पाणी. पाचवीवर पहिला तास माझा होता. हजेरी घेतली, नावं विचारली, थोडे पाढे म्हणून घेतले. पस्तीस मिनिटांनी घंटा झाली, तशी मी खडू-डस्टर उचलून बाहेर पडले. जिन्याशी पोचते तोच मागून चपचप पावलं आली. वर्गातलीच एक मुलगी. दप्तर पाठीवर, डब्याची पिशवी हातात, रेनकोटात एकच हात घातलेला.

‘कुठं निघालीस गं?’
‘घरी. बाई, तुम्ही गेलात ना.’

चौथीपर्यंत तिला एकच बाई होत्या. सकाळी वर्गात आलेल्या बाई शाळा सुटेपर्यंत वर्गातच. बाई निघाल्या म्हणजे शाळा सुटली, हा तिचा हिशेब बरोबर होता. चुकलं होतं आमचं. वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात नीट लिहिलेलं होतं, पण तास म्हणजे काय, घंटा झाली की काय होतं, हे एकाही मोठ्या माणसाने त्या मुलांना सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तिला हाताला धरून वर्गात नेलं. पुढच्या तासाचे सर येईपर्यंत ती दप्तर पाठीवर ठेवूनच बसली होती.

दहा वर्षांच्या मुलावर त्या एका आठवड्यात काय काय येऊन पडतं, याचा विचार करून पाहावा. दिवसाला आठ तास, पाच-सहा शिक्षक. एकाला वहीत दोन्हीकडे समास हवा, दुसऱ्याला एकीकडे. कोणाला ‘बाई’ म्हणायचं आणि कोणाला ‘मॅडम’, तेही ठाऊक नाही. बऱ्याच शाळांत सेमी इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं, म्हणजे एप्रिलपर्यंत अंश आणि छेद म्हणणारं मूल जूनमध्ये न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर ऐकतं. मराठी शाळांत हिंदीही आजवर पाचवीलाच येत आली आहे. यातलं काहीच वाईट नाही. मुलं शिकतात, फार पटकन शिकतात. पण सगळं एकदम येतं, तेव्हा त्यांना धरायला काहीतरी ओळखीचं लागतं.

दप्तराचंच घ्या. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नको, असा राज्य सरकारचा २०१५ चा निर्णय आहे. गेल्या वर्षी माझ्या शेजारणीचा नातू पाचवीत गेला. तो भरला २७ किलो आणि त्याचं दप्तर पाण्याच्या बाटलीसकट साडेपाच किलो. मी उघडून पाहिलं, तर सगळ्या विषयांची पुस्तकं, सगळ्या वह्या, चित्रकलेची वही आणि रंगपेटीसुद्धा. ‘अरे, आज चित्रकला आहे का?’ तर म्हणाला, ‘माहीत नाही आजी. नसलं आणि सरांनी मागितलं तर?’ ते ओझं पुस्तकांचं कमी आणि धास्तीचं जास्त होतं. आम्ही दोघांनी बसून वेळापत्रक वेगवेगळ्या रंगांत लिहिलं आणि दाराच्या मागे चिकटवलं. दुसऱ्या दिवशी वजन निम्म्यावर आलं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. पालकसभेत दरवर्षी एखादी तरी आई हळूच सांगायची, की मुलगी शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही. कारण विचारत गेलं की निघायचं, मुलींचं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे हे तिला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं आणि नंतर विचारायची लाज वाटली. मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगवेगळी असावीत असं कायदा सांगतो, आणि ती असतातही. मुलांना तिथवर नेऊन दाखवायचं मात्र राहून जातं. पाचवी-सहावी हे काही मुलींची पाळी सुरू होण्याचंही वय आहे. वर्गात असताना सुरू झाली तर कुठल्या बाईंकडे जायचं, पॅड कुठल्या कपाटात असतात, हे त्यांना जूनमध्येच सांगायला हवं. प्रसंग आल्यावर सांगून उपयोग नसतो.

शिक्षकांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही. जूनमध्ये शिक्षक कशात अडकलेले असतात, ते मी भोगलं आहे. पट टिकवायचा, कारण पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे त्याची मंजुरी, आणि संचमान्यतेवर सहकाऱ्यांची नोकरी. मुलांची आधार माहिती जुळवायची, ऑनलाइन भरायची, पुस्तकं वाटायची, आणि डोक्यावर पोर्शन असतोच. त्यात २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा देता येते, तिथेही नापास झालं तर ते त्याच वर्गात राहतं. म्हणजे जे वर्ष नव्या शाळेतलं पहिलं, त्याच वर्षाच्या शेवटी ही टांगती तलवार. जूनमधले दोन आठवडे बावरण्यात गेले, की पहिली घटक चाचणी हातची जाते, आणि ‘मला गणित येत नाही’ हे मुलाने ऑगस्टमध्येच ठरवून टाकलेलं असतं. एकदा ठरवलं की ते पुसायला मला दोन-दोन वर्षं लागली आहेत.

मला सगळ्यात जास्त खंत आहे ती नोंदींची. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. प्राथमिकच्या बाई प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितात, रात्री घरी बसून लिहितात. मूल शाळा बदलतं तेव्हा त्याच्याबरोबर दाखला येतो, प्रगतिपुस्तक येतं. त्या नोंदी आल्या तरी नव्या शाळेत त्या उघडून बघतं कोण? माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत नसे. उंच होता म्हणून मी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. आळशी आहे असं मी धरून चालले, दोनदा रागावलेही. ऑक्टोबरमध्ये एका लग्नात त्याच्या चौथीच्या बाई भेटल्या. त्या पटकन म्हणाल्या, ‘त्याला पुढे बसवताय ना? त्याला फळा दिसत नाही हो, मी नोंदीत लिहिलंय.’ मी दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्या बाकावर आणलं आणि त्याच्या वडिलांना बोलावून डोळे तपासायला सांगितलं. जून ते ऑक्टोबर हे पाच महिने त्या मुलाला मी कुठून परत आणून देणार होते?

म्हणून ठाणे, नवी मुंबईतल्या सर्व मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. पाचवीपर्यंत वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी असं कायदा म्हणतो. त्यातले पहिले सहा दिवस पाचवीला द्या. त्या आठवड्यात वर्गशिक्षकांना निदान पहिले तीन तास सलग वर्गावर राहू द्या. मुलांना शाळा फिरवून दाखवा: पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ग्रंथालय, कार्यालयाची खिडकी, मधल्या सुट्टीत कुठं बसायचं ती जागा. एखादा सातवीतला दादा, एखादी ताई सोबतीला द्या, मोठ्या मुलांना त्याचा फार अभिमान वाटतो. परिपाठाच्या वेळी नव्या मुलांची नावं घ्या, आधीच्या शाळेचं नावही आदराने घ्या. आणि ज्या शाळांतून मुलं आली आहेत, तिथल्या चौथीच्या बाईंना एक फोन करा. दहा मिनिटांत त्या जे सांगतील, ते आपल्याला दिवाळीपर्यंत कळत नाही. ह्यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही.

पालकांनाही एक सांगते. पहिल्या आठवड्यात मूल घरी आलं की ‘काय शिकवलं?’ ह्याच्या आधी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असं विचारा. ‘एकट्यानेच’ असं उत्तर तीन दिवस आलं, तर वर्गशिक्षकांना चिठ्ठी पाठवा.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. शाळा उघडतात त्या दिवशी आपले छायाचित्रकार गुलाबाचं फूल घेतलेल्या पहिलीच्या मुलांचे फोटो काढायला येतीलच. ते फोटो झाले की त्यांना जिना चढून पाचवीच्या वर्गाशी यायला सांगा. पहिला तास संपल्याची घंटा होईल, तेव्हा त्यांनी दाराशी असावं.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
नौपाडा, ठाणे